खारेपाटातील भातशेतीत खाडीचे पाणी शिरल्यानंतर जमीन पुन्हा कशी सावरावी?

खारेपाटवासी

नमस्कार. आमची वडिलोपार्जित भातशेती अलिबाग तालुक्यातील खारेपाटात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत, खाडीच्या बांधालगत आहे. गेल्या ऑक्टोबरात अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या मुख्य बांधाला) मोठी खांड (भगदाड) पडली आणि लोंबीवर आलेल्या भातात खारे पाणी शिरले. गावाने श्रमदान करून दगडमातीने खांड बुजवली. परंतु तोपर्यंत प्रत्येक मोठ्या भरतीला पाणी आत येत राहिले आणि उघाडीची (बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराची) झडप गंजून अडकलेली असल्यामुळे ओहोटीला ते धड बाहेरही पडेना. सखल भागात साचलेले पाणी पुढे उन्हाने आटले आणि आता जमिनीवर चुना सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो आहे.

जाणकारांकडून काही गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. बी-बियाण्यांच्या दुकानदाराने एकरी दोन टन जिप्सम टाकण्याचा सल्ला दिला असून तो खर्च आम्हाला जड आहे; तो खरोखरच करावा लागेल का? येत्या पावसाळ्यात भात लावावे, की जमीन वर्षभर मोकळी ठेवावी? शेजारच्या ज्या शेतांच्या खांडी काही वर्षांपूर्वी बुजवल्याच गेल्या नाहीत, तेथे आता पुरुषभर उंचीची तिवरे (खारफुटीची, म्हणजे कांदळवनाची झाडे) उभी आहेत. ती काढता येतात का? घरामागची विहीरही यंदा मचूळ झाली आहे. थोरले बंधू म्हणतात की चक्रीवादळे वाढणार आणि समुद्र चढणार हे उघड असताना या जमिनीवर आणखी पैसा घालण्यापेक्षा ती कोळंबीच्या तलावांसाठी भाड्याने द्यावी. वडिलांना ते मुळीच मान्य नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य वाटत असल्यामुळे कोणाला काय उत्तर द्यावे, हे मला उमगत नाही.

मृदा_अभ्यासक

प्रथम जिप्समबद्दल लिहितो, कारण पैसे वाया जाण्याचा धोका तेथे सर्वांत जास्त आहे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडिअमला बाजूला सारतो. म्हणून ज्या जमिनीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला आहे आणि जी ओली असताना राप (चिकट चिखल) होते व वाळली की दगडासारखी घट्ट होते, अशा चोपण जमिनीसाठी ते औषध आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात, जेथे अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्या, तेथे हा सल्ला योग्य ठरतो. कोकणातील खार जमिनींचे दुखणे बहुतेक ठिकाणी वेगळे आहे: तेथे पाण्यात विरघळणारे मीठ जास्त असते आणि सामू साधारण असतो. विरघळलेले मीठ जिप्समने जात नाही, ते गोड्या पाण्यानेच धुऊन काढावे लागते. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे या बाबतीत मोठे भाग्य आहे. खरा प्रश्न ते पाणी मातीतून खाली आणि शेतातून बाहेर जाण्यास वाट आहे की नाही, एवढाच असतो.

मीठ किती असू शकते याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब मांडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. एका गुंठ्यावर दहा सेंटीमीटर पाणी उभे राहिले, तर ते सुमारे दहा हजार लिटर भरते आणि त्यात साडेतीनशे किलो मीठ असते. पावसाळ्याच्या अखेरीस खाडीचे पाणी समुद्राइतके खारट नसते, म्हणून याच्या निम्मे धरले तरी एकरी सात टन होतात. हे पाणी त्याच ओहोटीला बाहेर गेले असते, तर त्यातील बहुतेक मीठ त्याच्याबरोबर गेले असते. ते आत अडकून आटले, म्हणून सगळे मीठ मागे राहिले. म्हणजेच तुमच्या शेताचे जितके नुकसान खांडीने केले, तितकेच अडकलेल्या झडपेने केले आहे.

मात्र आज दिसणारा पांढरा थर सगळाच ऑक्टोबरातील पाण्याचा आहे, असेही समजू नये. खारेपाटात जमिनीखालचे पाणी खारटच असते आणि फारसे खोलही नसते. भात कापल्यावर उघडी राहिलेली चिकण माती फेब्रुवारीपासून तापू लागते, तसे खालचे पाणी बारीक छिद्रांतून वर चढते आणि पृष्ठभागावर उडून जाताना मीठ सोडून जाते. म्हणून जमीन वर्षभर मोकळी ठेवण्याने ती सुधारत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर आणखी मीठ चढते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी उभे ठेवणे आणि भात घेणे हाच धुण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, जरी पहिल्या वर्षी उतारा कमी आला तरी.

पावसाच्या आधी शेतातील तीन-चार ठिकाणांहून वरच्या वीतभर थराचे आणि त्याखालच्या वीतभर थराचे नमुने वेगवेगळे घेऊन तपासून घ्यावेत. अहवालातील विद्युत वाहकतेचा, म्हणजे मिठाचे प्रमाण दाखवणारा, आकडा वाचताना एक काळजी घ्यावी लागते. जमीन खारी मानण्यासाठी पुस्तकांत जी 4 डेसिसायमन प्रति मीटर ही मर्यादा दिलेली असते, ती संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्काची असते; आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी मिसळून मोजतात आणि त्या पातळ द्रावणात आकडा काही पटींनी कमी दिसतो. त्यामुळे अहवालात दीड किंवा दोन आले म्हणून निश्चिंत होऊ नये. मोजणी कोणत्या पद्धतीने केली, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे आणि सामू अवश्य पाहावा.

बाहेरकाठा

वरील सल्ला पूर्णपणे योग्य आहे, परंतु बांध आणि उघाडी नीट नसतील तर धुतलेली जमीन पहिल्याच उधाणाला पुन्हा खारी होईल, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. मी पेण तालुक्यातील आहे आणि आमच्या खाडीकाठी हेच वारंवार घडत आले आहे.

खांडीत दगड आणि मुरूम टाकून भागत नाही, कारण त्यांतून पाणी झिरपते आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आतली माती निघून जाते. बांधाचे पोट चिकण चिखलाचेच हवे, तो थराथराने दाबून बसवावा लागतो आणि दगड फक्त खाडीकडच्या अंगाला, लाटांचा मारा सोसण्यासाठी लावायचे असतात. घाईघाईने यंत्राने काम करताना बांधाच्या पायथ्याचीच माती उकरून वर टाकली जाते. त्यामुळे बांध उंच दिसतो, पण त्याचा पाया खचतो आणि पुढची खांड नेमकी त्याच जागी पडते. तुमच्या गावाने बुजवलेली खांड कशाने भरली आहे, हे पाऊस लागण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन पाहा. खेकड्यांची बिळे मोठी होऊन त्यांतूनही बांध फुटतात, म्हणून ओहोटीला बांधाच्या दोन्ही अंगांनी चालत जाऊन ओल कोठे दिसते हे तपासणे, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे दर उधाणाआधीचे ठरलेले काम होते.

उघाडीची झडप हे या सगळ्या व्यवस्थेचे मर्म आहे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. तिला कोणी चालवावे लागत नाही, पण बिजागऱ्या गंजल्या किंवा खाली गाळ-लाकूड अडकले की ती दोन्हीपैकी एका स्थितीत अडकते. उघडी अडकली तर समुद्र आत येतो आणि बंद अडकली तर पावसाचे पाणी आत तुंबते. झडपेची दुरुस्ती बांधाच्या मानाने फार थोड्या खर्चात होते, आणि तरीही ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, याची मला मनापासून खंत वाटते.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे तुमची योजना शासकीय आहे की खाजगी, यावर ठरते. 1948 चा खार जमीन कायदा आणि त्यानंतरचा 1979 चा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम यांमुळे अनेक योजना शासनाकडे आल्या, परंतु सर्व नाहीत. याच खारेपाटात 1933 पासून सुमारे सहा वर्षे चाललेल्या चरीच्या संपात कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले आणि पुढे कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. तो हक्क लाखमोलाचा होता. पण शेत वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर गेले तरी बांध सगळ्यांचा मिळून एकच राहिला आणि तो राखण्याची सामूहिक शिस्त मात्र शासनावर भिस्त ठेवून आपण हळूहळू सोडून दिली. माझ्या मते खारेपाटाच्या दुरवस्थेचे हे मोठे कारण आहे आणि ते वादळांपेक्षा जुने आहे.

तिवरांबाबत स्पष्ट सांगतो: ती तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात राज्यभर कांदळवनांची तोड व त्यांवर भराव टाकण्यास मनाई केली असून जमीन खाजगी मालकीची आहे, ही सबब त्यात चालत नाही. ज्या शेतकऱ्याची खांड वेळेत बुजवली गेली नाही आणि म्हणून ज्याच्या शेतात तिवर उगवले, त्याच्यावर यात अन्याय होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण त्यावर उपाय कुऱ्हाड नाही. तुमच्या स्वतःच्या शेतात अजून तिवरे आलेली नाहीत, हे लक्षात घ्या. खांड पक्की बुजवून या पावसाळ्यात जमीन कसणे, हेच ती शेतजमीन राखण्याचे एकमेव साधन आहे. खांड कधी पडली, कधी बुजवली, पिकाचे काय झाले, याचा पंचनामा आणि छायाचित्रे जपून ठेवा. बांधाबाहेरची तिवरे मात्र आपली रक्षक आहेत. ज्या भागात ती दाट आहेत, तेथे बांधाला लाटांचा मार कमी बसतो, हे कोणत्याही खाडीकाठी दिसून येते.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे खारेपाटासारख्याच जमिनींना खाजन म्हणतात, तुमच्या उघाडीला आम्ही मानस म्हणतो, आणि गोव्यातील खाजनांचे क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर सांगितले जाते. थोरल्या बंधूंच्या कोळंबीच्या विचाराला आमचा अनुभव उपयोगी पडेल, असे वाटते.

आमच्या गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेच्या, जुन्या व्यवस्थेत मानशीजवळ मासे पकडण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधांची निगा राखली जाई. भाताला गोडे पाणी हवे आणि माशाला खारे, हे दोन्ही एकाच दारातून सांभाळायचे असल्यामुळे दार कधी उघडायचे व कधी मिटायचे याचे नियम कडक होते. 1961 नंतर कूळकायद्याने शेते कुळांकडे गेली, गावकरीची सत्ता ओसरली, आणि मासळीचा पैसा शेतीच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी मोठा झाला. मग मानशीचा हक्क घेणारे ठेकेदार भरतीचे पाणी मुद्दाम जास्त काळ आत घेऊ लागले. काही ठिकाणी बांध फुटले आणि ते बुजवण्याची कोणालाच घाई राहिली नाही, कारण फुटलेल्या बांधाआड मासे वाढत होते. अशी कित्येक खाजने आज पाण्याखाली किंवा कांदळवनाखाली आहेत.

कोळंबीच्या तलावात वर्षभर खारे पाणी उभे ठेवावे लागते. ते केवळ तुमच्या जमिनीत मुरत नाही, तर शेजाऱ्याच्या शेतातही बाजूने झिरपते. म्हणून हा निर्णय एका कुटुंबाचा असूच शकत नाही. कायदेशीर बाजूही तपासावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये शेतजमिनींचे कोळंबी तलावांत रूपांतर करण्यास मनाई केली होती आणि त्यानंतर 2005 साली तटीय जलकृषीसाठी स्वतंत्र कायदा होऊन नोंदणी बंधनकारक झाली. कोणी भाडे देऊ करत असेल, तर त्याच्याकडे ती नोंदणी व परवानगी आहे का, हे लेखी मागावे.

मासळीच हवी असेल, तर तुमच्याच अलिबाग-पेण भागात शेताच्या कोपऱ्यातील गोड्या तळ्यांत जिताडा मासा पाळण्याची जुनी रीत आहे. त्या तळ्यात पावसाचे पाणी साठते आणि खणलेल्या मातीने शेताचा सखल भाग उंचावता येतो. पश्चिम बंगालमधील सुंदरबनात, 2009 च्या आयला चक्रीवादळानंतर जेथे शेते खाऱ्या पाण्याखाली गेली होती, तेथेही शेताचा एक भाग खोदून तळे करणे व त्या मातीने उरलेला भाग उंच करणे, ही पद्धत शेतकऱ्यांनी स्वीकारली आहे.

सागरवारे

थोरल्या बंधूंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून हवामानाच्या बाजूने लिहितो. अरबी समुद्रात पूर्वी वादळे कमी होत आणि जी होत ती बहुधा ओमानकडे किंवा गुजरातकडे जात, हे खरे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली आणि ती अधिक काळ टिकू लागली. समुद्राचे पृष्ठजल तापले आहे, हे त्यामागील मुख्य कारण. रायगडाने 2009 मध्ये फयान आणि 2020 मध्ये निसर्ग अशी दोन वादळे अनुभवली आहेत.

परंतु खारेपाटाला वादळ अंगावर येण्याचीच गरज नसते. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार हे महाचक्रीवादळ किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळले, तरी त्याने उठवलेल्या लाटा दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाशी जुळल्या आणि सिंधुदुर्गातील किनाऱ्यालगतच्या सखल भागांत समुद्राचे पाणी शिरले. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला समांतर वर गेले आणि गुजरातेत धडकले, तरी इकडच्या किनाऱ्याने तडाखा सोसलाच. याउलट 3 जून 2020 रोजी निसर्ग प्रत्यक्ष अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या केल्या. पण भरतीच्या दृष्टीने आपले दैव बलवत्तर होते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची आपल्या कोळ्यांची रीत लावून पाहा: त्या दिवशी त्रयोदशी होती, म्हणजे सकाळची भरती पावणेदहाच्या सुमारास, आणि वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आत आले तेव्हा ओहोटी लागलेली होती. तेच वादळ दोन दिवसांनी, वटपौर्णिमेला त्याच वेळी आले असते, तर उधाणाची भरती फारशी ओसरण्याआधीच तिच्यावर आणखी एक-दोन मीटर पाणी चढले असते आणि कोणता बाहेरकाठा टिकला असता, हे सांगणे कठीण आहे. वादळाची सूचना येते तेव्हा वाऱ्याच्या वेगाबरोबर तिथी पाहण्याची सवय गावांनी ठेवावी, ती एवढ्याचसाठी.

माझ्या दृष्टीने यापेक्षा मोठा धोका संथ आहे आणि तो उघाडीच्या दारात उभा आहे. जगभरातील समुद्रपातळी 2006 ते 2018 या काळात वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढत होती, म्हणजे दशकाला जवळपास चार सेंटीमीटर. हा आकडा बांधाच्या उंचीपुढे किरकोळ वाटतो. पण उघाडी तेव्हाच उघडते जेव्हा बाहेरचे पाणी आतल्या पाण्याच्या खाली जाते. समुद्र थोडा जरी चढला, तरी प्रत्येक ओहोटीला झडप उघडी राहण्याचा वेळ घटतो, आणि जुलैमधील अतिवृष्टीचे पाणी बाहेर जाण्यास पूर्वी जितक्या ओहोट्या लागत, त्यापेक्षा जास्त लागतात. अशा वेळी भात खाऱ्या पाण्याने नव्हे, तर तुंबलेल्या गोड्या पाण्याने कुजते. शिवाय बांधाबाहेरची जमीन भरतीच्या गाळाने हळूहळू वर येते आणि बांधाआतली जमीन गाळ न मिळाल्यामुळे आहे तेथेच राहते किंवा दबते. बांगलादेशातील खुलना-जसोर भागात यामुळे बांधबंदिस्त शेतांत पाणी इतके तुंबू लागले की लोकांनी स्वतः बांध कापून काही वर्षे भरतीचा गाळ आत घेतला आणि जमीन उंचावली. आपल्याकडे तसे करावे असे मी सुचवत नाही, कारण गाळाबरोबर तिवरेही येतील आणि मग वर सांगितलेला कायदेशीर पेच उभा राहील; पण आतील जमिनीची पातळी हा विषय आपल्या चर्चेत यायलाच हवा.

म्हणून बंधूंना असे सांगता येईल की धोका वाढतो आहे हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्याच धोक्यात कोळंबीचा तलावही येतो. बांध फुटला तर तलावातील माल एका रात्रीत खाडीत जातो. बांध आणि उघाडी यांवरील खर्च दोन्ही पर्यायांत टळत नाही.

वसईची_बाग

विहिरीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. मचूळ विहीर पंपाने पूर्ण उपसून स्वच्छ करावी असे वाटते, पण किनाऱ्यालगत तसे करू नये. जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जितकी उंची असते, त्याच्या सुमारे 40 पट जाडीचा गोड्या पाण्याचा थर तिच्याखाली असतो. वरची पातळी उपशाने हातभर खाली नेली, तर खालचे खारे पाणी त्याच प्रमाणात कितीतरी वर सरकते. थोडे थोडे, सावकाश उपसावे आणि पावसाळ्यात छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. आमच्या वसईत बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, होती. पावसाचे पाणी त्यांत साठून जमिनीत मुरत असे आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहत. त्यांतील अनेक बुजवली गेली आणि खारेपणा वाढला, हे आम्ही पाहिले आहे. पिण्यासाठी वापरण्यापूर्वी पाणी तपासून घ्या. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात.

खारेपाटवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माती तपासून आणली आहे. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता वरच्या थरात 9 आणि खालच्या थरात 6 आली असून सामू 7.6 आहे. झडप काढून दुरुस्त करण्यासाठी गावातील शेतकऱ्यांनी वर्गणी काढण्याचे ठरवले आहे आणि खांडीची जागा चिकण मातीने पुन्हा भरण्याचे काम सुरू झाले आहे. कोळंबीसाठी विचारणा करणाऱ्यांकडे नोंदणीचे कागद मागितले, ते अद्याप मिळालेले नाहीत. थोरले बंधू एक हंगाम थांबण्यास तयार झाले आहेत. या आकड्यांवर भात येईल का आणि कोणते लावावे, एवढे कृपया सांगावे.

मृदा_अभ्यासक

सामू 7.6 असल्यामुळे जिप्समची आज गरज नाही. भाताचा उतारा, वाहकता साधारण 3 च्या पुढे गेली की, प्रत्येक एककामागे 12 टक्क्यांनी घटतो, असे सर्वमान्य गणित आहे. आहे त्या 9 वर भात घेतले, तर पूर्ण पिकाच्या चौथाईहून थोडे अधिक हाती येईल. तीच वाहकता 5 पर्यंत उतरली, तर तीन चतुर्थांश येईल. म्हणजे रोप शेतात जाण्यापूर्वीचा पहिला महिना निर्णायक आहे.

पांढरा थर जेथे जाड आहे, तेथे तो पावसाआधी खरवडून बांधाबाहेर टाकावा. पहिल्या जोराच्या सरींचे पाणी शेतात अडवू नये, ते वरचे मीठ विरघळवून घेते, म्हणून ओहोटीला उघाडीतून जाऊ द्यावे. त्यानंतर खाचरांचे बांध नीट करून पाणी उभे करावे, काही दिवसांनी ते सोडून नवे भरावे, असे पाऊस देईल तितक्या वेळा करावे. जितक्या जाडीचा मातीचा थर, तितक्याच उंचीचे पाणी त्यातून खाली झिरपले तर सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के विरघळणारे मीठ निघून जाते. परंतु चिकण मातीत पाणी सावकाश उतरते, म्हणून शेताच्या कडेने उघाडीपर्यंत जाणारा खोल चर काढला तर फार उपयोग होईल. धुऊन झाल्यावर माती राप होऊ लागली आणि पाणी गढूळच राहू लागले, तर ते सोडिअम मागे राहिल्याचे लक्षण आहे. तेव्हा पुन्हा सामू पाहून, लागेल तेवढेच जिप्सम टाकता येईल.

वाणांपैकी पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, पनवेल-2 आणि पनवेल-3 हे खार जमिनीसाठीच काढलेले आहेत; तुमच्या गावात कोणाकडे राता भाताचे जुने बियाणे असेल, तर एका खाचरात तेही लावून पाहावे, कारण काळा राता व भुरा राता ही खारेपणा सोसणारी कोकणातीलच जुनी भाते आहेत. मोड आलेले बी थेट खाचरात फेकण्याची रहू पद्धत यंदा टाळावी. भात कोवळ्या रोपाच्या अवस्थेत आणि पुन्हा फुलोऱ्यात खाऱ्याला सर्वांत नाजूक असते, मधल्या काळात ते बरेच सोसते. म्हणून रोपवाटिका गावठाणाजवळच्या गोड्या, उंच जमिनीवर करावी, रोपे नेहमीपेक्षा थोडी जून झाल्यावर, एका चुडात तीन-चार अशी लावावीत आणि खाचरातील पाणी आटू देऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोरा व दाणा भरण्याच्या काळात येणाऱ्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या आधी झडप तपासणे हे गावात कोणावर तरी नावानिशी सोपवावे.

कापणी झाली की ओल असतानाच उथळ नांगरट करून पेंढा पसरावा, म्हणजे खालचे मीठ वर चढण्याची वाट तुटते. डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये त्याच ठिकाणांहून, त्याच खोलीचे नमुने घ्यावेत व त्याच प्रयोगशाळेत द्यावेत. आकडे मिळाल्यावर येथे कळवावेत, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे नियोजन त्यांवरून करता येईल.